नव्या घरातलं स्वयंपाकघर: राहायला आल्यावर उघडे पडणारे दोष आणि त्यांच्या मुळाशी जाण्याची रीत

घर बघायला जातो तेव्हा स्वयंपाकघर कोरडं असतं, रिकामं असतं आणि थंड असतं. कपाटांत भांडी नसतात, सिंकमध्ये पाणी साठलेलं नसतं, शेगडी पेटलेली नसते. राहायला आल्यावर त्याच जागेवर वजन येतं, पाणी येतं आणि उष्णता येते. फिटिंगमधले दोष या तिघांमुळेच बाहेर पडतात. भांडी भरल्यावर ट्रॉली घासायला लागते, सिंकखाली हात घातला की ओल लागते, एखादं दार खाली झुकतं, चिमणी नुसताच आवाज करते.

हे सगळं पहिल्या काही आठवड्यांत एकामागून एक समोर आलं की माणूस दोनपैकी एका वाटेने जातो. दिसेल तो दोष तिथल्या तिथे मिटवतो: झुकलेल्या दाराचा स्क्रू आवळतो, फुगलेल्या फळीवर नवं लॅमिनेट चिकटवतो. नाहीतर सगळंच उखडून नवं करायचं ठरवतो. दोन्ही वाटा महागात पडतात. स्वयंपाकघरात दोष जिथे दिसतो तिथे बहुतेक वेळा तो सुरू झालेला नसतो. दार झुकतं ते कपाटाचा पाया पाणसळीत (एका सपाट पातळीत) नसल्यामुळे, पाया बसतो तो खालची फळी भिजल्यामुळे, आणि फळी भिजते ती नळाच्या बुडाशी असलेल्या बारीक फटीमुळे. फट बुजवली नाही, तर बिजागरी कितीही वेळा बदला, दार पुन्हा झुकणारच.

म्हणून खालच्या पायऱ्या क्रमाने घ्या. आधी जिवाला धोका असलेल्या गोष्टी, मग पाणी, मग फळ्या, आणि दारं-ट्रॉल्या त्यानंतर.

पहिली पायरी: काय कुठून बंद होतं ते शोधा

पाणी, गॅस आणि वीज या तिन्ही गोष्टी कुठून बंद करायच्या हे माहीत असल्याशिवाय कशालाही हात लावू नका. सिंकखाली भिंतीतून बाहेर आलेले अँगल कॉक फिरवून बघा. नव्या बांधकामात ते रंगाने किंवा सिमेंटने जाम झालेले असतात, जुन्या घरात क्षाराने. फिरत नसेल तर पान्याने जोर लावू नका. भिंतीतला सांधा तुटला तर पाणी थेट घरात येतं. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून प्लंबरकडून तो कॉक बदलून घ्या. विजेच्या पेटीतला एकेक एमसीबी, म्हणजे खटका, पाडून बघा, त्याने काय बंद होतं ते चिकटपट्टीवर लिहून तिथेच लावा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला या तिन्ही जागा दाखवा.

दुसरी पायरी: गॅस, वीज आणि टांगलेली कपाटं

या तीन ठिकाणी थांबून चालत नाही. बाकीच्या दोषांना महिना लागला तरी बिघडत नाही.

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, चालू असलेलं बंदही करू नका. व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या-दारं उघडा, बाहेर पडा आणि बाहेरूनच गॅस पुरवणाऱ्यांच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. वास नसतानाही एकदा सांधे तपासून घ्यावेत. साबणाचं दाट पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. गळती असेल तर बुडबुडे फुगत राहतात. काडी ओढून तपासण्याचा प्रकार अजून कुठे कुठे दिसतो, तो जीवघेणा आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली, ओट्याखालच्या बंद कपाटात साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. त्यामुळे सिलिंडर ठेवलेल्या कपाटाला खालच्या बाजूला जाळी हवी आणि नैसर्गिक वायू असेल तिथे खोलीच्या वरच्या भागात हवेला वाट हवी. फर्निचर करणाऱ्याने दिसायला बरं म्हणून ही वाट बंद केली असेल तर ती पुन्हा उघडून घ्या.

आधीच्या मालकाने शेगडी मागे सोडली असेल तर आणखी एक गोष्ट बघा. सिलिंडरच्या गॅसची शेगडी आणि नैसर्गिक वायूची शेगडी यांच्या जेटची छिद्रं वेगवेगळ्या मापाची असतात. जेट न बदलता गॅसचा प्रकार बदलला की ज्योत बिघडते. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लांबट, भांड्याच्या बुडाला काजळी धरणारी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळत नाही, आणि अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. अशी शेगडी माहीतगार माणसाने दुरुस्त करेपर्यंत वापरू नका.

विजेचं बघताना सिंकजवळच्या सॉकेटपासून सुरुवात करा. त्या सर्किटवर अर्थ लीकेज पकडणारं उपकरण, म्हणजे आरसीसीबी, आहे का? माणसाच्या संरक्षणासाठी ते ३० मिलिअँपिअरचं लागतं. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं. दाबल्यावर खटका पडलाच पाहिजे. पडला नाही तर वायरमनला बोलावणं पुढे ढकलू नका. मग ओव्हन, किटली, भांडी धुण्याचं यंत्र यांपैकी जे काही २,००० वॅटच्या आसपासचं आहे ते अर्धा तास चालवून सॉकेटला हात लावा. कोमट लागलं तर ठीक. चटका बसावा इतकं गरम असेल, प्लगच्या पिना काळवंडल्या असतील किंवा जळकट वास येत असेल, तर आतली वायर बारीक आहे किंवा स्क्रू सैल आहे. मोठ्या उपकरणांना पेटीतून स्वतंत्र वायर लागते. एक्स्टेंशन बोर्ड लावून ओट्यावर सोय करणं ही तात्पुरती सोयही समजू नका.

टांगलेल्या कपाटांकडे फार थोडे लोक लक्ष देतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते. कपाटाच्या माथ्यावर, ते भिंतीला टेकतं तिथे, पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवा. आठवड्याभराने फट वाढलेली दिसली तर कपाट भिंतीपासून सुटतंय. लगेच रिकामं करा, त्याखाली कोणाला उभं राहू देऊ नका. याची कारणं साधारण दोनच. पहिलं, भिंत पोकळ किंवा हलक्या ब्लॉकची असते आणि तिच्यात भरीव विटेसाठीचे साधे प्लग ठोकलेले असतात. दुसरं, स्क्रू कपाटाच्या पातळ पाठीतून मारलेले असतात. ही पाठ बहुतेक वेळा काही मिलिमीटरचीच असते, वजन धरण्यासाठी ती नसतेच. वजन धातूच्या पट्टीवर किंवा आतल्या जाड आडव्या फळीवर पडायला हवं, आणि अँकर भिंतीच्या जातीचा हवा. सुताराला काम सांगताना भिंत कशाची आहे ते आधी एक भोक पाडून बघायला सांगा.

तिसरी पायरी: पाणी नेमकं कुठून येतंय

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. फर्निचरचे निम्म्याहून जास्त दोष शेवटी इथेच येऊन मिळतात असा माझा अनुभव आहे.

सिंकखालचं कपाट पूर्ण रिकामं करा, फडक्याने कोरडं पुसा आणि तळावर वर्तमानपत्र पसरा. कागदावर थेंब कुठे पडला ते स्पष्ट दिसतं. आता एका वेळी एकच गोष्ट तपासायची.

रात्री नळ बंद ठेवून, काहीही न वापरता, झोपी जा. सकाळी कागद ओला असेल तर गळती येणाऱ्या पाण्याची: अँगल कॉक, कनेक्शन पाइप किंवा त्यांचे जोड. या पाइपमध्ये चोवीस तास दाब असतो, म्हणून ही गळती कधी थांबत नाही.

कागद कोरडा असेल तर नळ उघडून पाणी वाहू द्या आणि टॉर्च घेऊन खाली बघा. मग सिंकची जाळी बुचाने बंद करून सिंक काठोकाठ भरा, दहा मिनिटं थांबा आणि बूच एकदम काढा. साठलेल्या पाण्याचा लोंढा एकदम खाली जातो, तेव्हा वेस्ट कपलिंग (सिंकच्या तळाचं, पाणी बाहेर जाण्याचं तोंड) आणि ट्रॅप (त्याखालचा वळलेला पाइप) यांचे जोड खऱ्या कसाला लागतात. नुसता नळ सोडून बघितलं तर ही गळती सापडत नाही, आणि घर ताब्यात घेताना बहुतेक जण तेवढंच करतात. सिंक भरताना ओव्हरफ्लोच्या भोकातून पाणी जाऊ द्या. त्याची नळी मागच्या बाजूला निसटलेली असू शकते.

तिसरी चाचणी वरून येणाऱ्या पाण्याची. सिंक कोरडं ठेवा. पेल्याने थोडं थोडं पाणी नळाच्या बुडाभोवती ओता आणि पाच मिनिटं थांबा. मग सिंकच्या कडेने ओता. मग ओटा आणि भिंतीच्या टाइलच्या सांध्यात. कुठलं पाणी खाली उतरलं ते लगेच कळतं. ओळखायला सोपं जावं म्हणून पाण्यात थोडा रंग घाला, पण सच्छिद्र दगडाच्या ओट्यावर रंग वापरू नका, डाग राहतो.

तिन्ही चाचण्या झाल्या आणि तरीही भिंत ओली असेल, तर पाइप भिंतीच्या आत गळत असण्याची शक्यता धरा. पाण्याचं मीटर असेल तर घरातले सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा, काही तासांनी पुन्हा बघा. कोणी पाणी वापरलेलं नसताना आकडा पुढे गेला तर गळती आहे. इथे भिंत फोडावी लागते, म्हणून हे काम विकणाऱ्याशी बोलल्याशिवाय सुरू करू नका. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आता वासाबद्दल. सिंकमधून गटाराचा वास येत असेल तर जंतुनाशकं ओतत बसू नका, ट्रॅप बघा. ट्रॅपमध्ये साधारण ५ सेंटिमीटर पाणी कायम अडून राहतं आणि ते गटारातली हवा वर येऊ देत नाही. कधी कधी ट्रॅपच बसवलेला नसतो. जाळीदार लवचीक पाइप सरळ जमिनीतल्या पाइपात खुपसलेला असतो. त्या दोघांमधल्या फटीतून वास येतो, झुरळंही येतात. तिथे रबरी सील बसवून घ्या. सिंक रिकामं होताना घुडघुड आवाज येतो आणि नंतर वास सुटतो, तेव्हा ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातंय. बाहेरच्या पाइपला हवा मिळत नाही. पाणी हळू जात असेल तर आडव्या पाइपचा उतार मोजा. दर मीटरला २ ते २.५ सेंटिमीटर उतार हवा. लवचीक पाइप मधेच लोंबत असेल तर त्या झोळात तेलकट गाळ बसत जातो; तो काढून कडक पाइप लावणं हाच खरा उपाय.

नळाची धार बारीक असेल तर नळाच्या तोंडाची जाळी काढून बघा. नव्या पाइपलाइनमधली वाळू आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे तिथे अडकतात. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं.

चौथी पायरी: फळी कशाची आहे आणि ती वाचेल का

गळती थांबली, आता नुकसान किती ते बघा. पाइपसाठी पाठीमागे भोक पाडलेलं असतं तिथे फळीची कच्ची कड दिसते. एकावर एक पातळ थर दिसले तर प्लायवुड. लाकडाचा भुसा आणि कपचे दाबून बसवलेले दिसले तर पार्टिकल बोर्ड. एकसारखा, जाड पुठ्ठ्यासारखा गर दिसला तर एमडीएफ.

हा फरक कळला की निर्णय सोपा होतो. पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ भिजून एकदा फुगले की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाहीत. त्यातला स्क्रू धरत नाही. अशा फळीवर रंग किंवा लॅमिनेटचा खर्च करू नका, ती बदला. प्लायवुड थोडं भिजलं आणि थर सुटले नसतील तर पूर्ण वाळवून पुन्हा वापरता येतं. थर सुटून पोपडे आले असतील तर तेही गेलं. नखाने दाबून बघा: मऊ लागलं तर आतून सडलंय.

एक दिलासा आहे. सिंकखालच्या कपाटाचा तळ गेला म्हणजे संपूर्ण कपाट गेलं असं नसतं. तळाची फळी बहुतेक वेळा सुटी काढता येते. नवी फळी टाकताना ती ओलावा सोसणाऱ्या प्लायची घ्या, आणि चारही कडा, पाइपच्या भोकाच्या कडा धरून, सीलरने किंवा एज बँडने बंद करा. दर्शनी बाजू गुळगुळीत असते, पाणी सहसा तिथून आत शिरत नाही. ते उघड्या कडेतून शिरतं, आणि ज्या कडा डोळ्यांना दिसत नाहीत त्या बंद करायचं काम कारागीर सर्रास टाळतात. पैसे देण्याआधी आरसा किंवा मोबाइल आत घालून त्या कडा बघा.

कपाटांच्या पायाशी असलेली पट्टी एकदा काढा. ती सहसा नुसत्या क्लिपांवर बसवलेली असते, दोन्ही हातांनी ओढली की निघते. आत टॉर्च मारा. बांधकामाचा कचरा, ओल, बुरशी, उघडी वायर, पायच नसलेलं कपाट, काहीही सापडू शकतं. बाजूच्या फळ्या सरळ जमिनीवर टेकलेल्या असतील तर फरशी पुसतानाचं पाणी त्या शोषत राहणार. त्यांना खाली प्लास्टिकचे उंची बदलता येणारे पाय लावून जमिनीपासून वर घ्या.

नव्या फर्निचरचा डोळ्यांना झोंबणारा वास येत असेल तर तो बोर्ड चिकटवण्याच्या रेझिनमधून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडचा असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ मध्ये या वायूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणलं, तेव्हा वासाकडे दुर्लक्ष करू नका. उष्णता आणि दमटपणा वाढला की तो जास्त सुटतो. सगळी दारं-ट्रॉल्या उघड्या ठेवून खोलीला वारं द्या, उघड्या कडा सील करून घ्या. सुगंधी फवाऱ्यांनी वास झाकला जातो, वायू तिथेच राहतो.

पाचवी पायरी: दारं आणि ट्रॉल्या

बिजागरीच्या स्क्रूला हात लावण्याआधी कपाटाच्या तळावर आणि बाजूवर पाणसळ ठेवा. कपाट एका बाजूला कललेलं असेल तर त्याची चौकट पिळवटते आणि सरळ दारही वाकडं दिसायला लागतं. पट्टीमागचे पाय फिरवून कपाट पाणसळीत आणा. ओटा कपाटांवरच टेकलेला असेल, आणि दगडाचा असेल, तर हे काम स्वतः करू नका. एक पाय जास्त उचलला गेला तर दगडाला तडा जातो.

कपाट सरळ झाल्यावरही दारात फट राहिली तर बिजागरी. हल्लीच्या लपत्या बिजागरीची वाटी दारात ३५ मिलिमीटरच्या खळग्यात बसते आणि तिच्या पट्टीवर दार तीन दिशांना हलवायची सोय असते: डावी-उजवीकडे, आत-बाहेर आणि वर-खाली. दार हाताने उचलून धरा, एक स्क्रू अर्धा फेरा फिरवा, दार बंद करून बघा, मग पुढचा. दोन्ही बिजागऱ्या थोड्या थोड्या फिरवत जा. हे काम नवख्या माणसालाही जमतं, साधा स्क्रू ड्रायव्हर पुरतो.

स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल तर भोक मोठं झालंय. लांब स्क्रू मारू नका, तो फळीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. भोकात लाकडी खुंटी फेव्हिकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, मग बारीक भोक पाडून जुनाच स्क्रू बसवा.

ट्रॉली अडकते तेव्हा ती पूर्ण बाहेर काढून कपाटाची आतली रुंदी पुढे आणि मागे मोजा. दोन्ही मापांत दोन-तीन मिलिमीटरचाही फरक असेल तर चॅनेल, म्हणजे ट्रॉली ज्यांवर सरकते त्या धातूच्या पट्ट्या, समांतर नाहीत. मागचा स्क्रू सैल करून चॅनेलखाली पातळ पट्टी घालायची किंवा ती आत घ्यायची, एवढंच. ट्रॉली रिकामी असताना छान चालते आणि भरल्यावर खाली वाकते, तेव्हा चॅनेल त्या वजनाचं नाही. किती किलो पेलतं ते बऱ्याच चॅनेलवर कोरलेलं असतं. जड भांडी तळाच्या ट्रॉलीत, आणि तिथे चांगलं चॅनेल. इथे पैसे वाचवू नका.

काही दोष मात्र स्क्रूने सुटत नाहीत. कोपऱ्यातली ट्रॉली शेजारच्या दाराच्या हँडलवर आपटते, कारण कोपऱ्यात मोकळी पट्टी सोडलेलीच नाही. फ्रिजचं दार भिंतीला अडतं आणि आतले कप्पे बाहेर निघत नाहीत. अशा वेळी आधी हँडल बदलून किंवा दाराला अडकण लावून बघा. कपाट हलवण्याचा विचार त्यानंतर.

सहावी पायरी: ओटा आणि सांधे

दगडी ओट्याला तडा बहुतेक वेळा सिंकच्या किंवा शेगडीच्या खाचेच्या कोपऱ्यातून सुरू होतो. खाच कापताना कोपरा गोलसर न ठेवता काटकोनात तोडला की सगळा ताण तिथे येतो. तड्याच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. तो पुढे सरकत असेल तर खालचा आधार तपासा. नुसतं इपॉक्सी भरून तो थांबणार नाही. ओट्याखालून चिकटवलेल्या सिंकला खालून क्लिप किंवा चौकटीचा आधार आहे ना तेही बघा. ४० लिटर पाणी भरलं की ४० किलो वजन त्या चिकट रेघेवर येतं.

सांध्यातलं सिलिकॉन काळं पडलं किंवा सुटलं असेल तर जुनं पूर्ण खरवडून काढा. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. जागा स्पिरिटने पुसा, कोरडी होऊ द्या, एका दमात रेघ ओढा आणि किमान २४ तास पाणी लागू देऊ नका. संगमरवरासारख्या दगडाला न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन घ्या. सुकताना आंबट वास येणारं साधं सिलिकॉन अशा दगडाला डाग पाडू शकतं.

सातवी पायरी: चिमणी

जाळीवर एक कागद लावा. चिमणी पूर्ण वेगात असताना तो चिकटून राहिला पाहिजे. पडत असेल तर आधी जाळ्या धुवा, खिडकी थोडी उघडा आणि पुन्हा बघा. बंद खोलीतून हवा ओढायची तर बाहेरून हवा यायला वाट लागते. तरीही ओढत नसेल तर पाइप बघा. चिमणीचं तोंड १५ सेंटिमीटरचं आणि भिंतीतलं भोक १० सेंटिमीटरचं असेल तर हवेला वाट निम्म्याहूनही कमी उरते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने घटतं. प्रत्येक वळणाने ओढ आणखी कमी होते. काही घरांत पाइप बाहेर नेलेलाच नसतो, तो छताच्या खोट्या आवरणात सोडून दिलेला असतो. तेलकट वाफ तिथे साचत जाते आणि आग लागण्याचा धोका राहतो. शेगडी आणि चिमणी यांच्यात साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर असतं. तुमच्या चिमणीच्या माहितीपत्रकात दिलेला आकडा शेवटचा माना.

आठवी पायरी: फोडण्याआधी नोंद, मग पत्र

धोका टाळण्यासाठी जे बंद करायचं ते लगेच करा, पण दुरुस्ती सुरू करण्याआधी सगळ्याची नोंद करा. प्रत्येक दोषाचे दोन फोटो घ्या: एक लांबून, जागा कळेल असा, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. वाहत्या गळतीचा व्हिडिओ घ्या. दोष कधी दिसला, कोणत्या चाचणीत दिसला, हे एका वहीत लिहा. मग करार आणि ताबा घेतानाची कागदपत्रं काढून दोष दुरुस्तीची मुदत, फर्निचरची आणि उपकरणांची वॉरंटी शोधा.

नव्या बांधकामात ही मुदत महत्त्वाची, आणि त्या मुदतीत लेखी कळवणं त्याहून महत्त्वाचं. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा. पत्रात राग नको, यादी हवी: दोष, जागा, तारीख, फोटो, आणि कोणत्या दिवसापर्यंत येऊन बघावं ही विनंती. समोरच्याला बघायची संधी न देता भिंत फोडली तर पुढे तो दोष तुम्हीच केल्याचं म्हणू शकतो. वापरलेलं घर घेतलं असेल तर आधीच्या मालकाने लेखी काय सांगितलं होतं आणि काय माहीत असून लपवलं, यावर बरंच अवलंबून असतं. ओल झाकायला नुकताच मारलेला रंग, फुगलेल्या फळीवर चिकटवलेलं नवं कव्हर, अशा खुणा फोटोत आल्या पाहिजेत. रक्कम मोठी असेल तर वकिलाचा सल्ला घ्या आणि स्वतंत्र अभियंत्याकडून पाहणीचा अहवाल करून घ्या.

नववी पायरी: दुरुस्तीचा क्रम

आधी प्लंबर, मग वायरमन. मग भिंत आणि फळ्या पूर्ण वाळेपर्यंत थांबा, त्यात काही आठवडे गेले तरी जाऊ द्या. मग सुतार, आणि सिलिकॉन सगळ्यांच्या शेवटी. सुतार आधी येऊन गेला तर प्लंबर त्याचं काम पुन्हा खोलणार आणि दोघांचे पैसे तुम्हीच भरणार.

ओट्याची उंची, सिंक आणि शेगडीमधलं अंतर, ट्रॉल्यांची मांडणी हे फिटिंगचे दोष नाहीत, ती आखणी आहे. त्यावर लगेच निर्णय घेऊ नका. आर्किटेक्ट मार्गारेट शुटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या घरांसाठी आटोपशीर स्वयंपाकघर आखलं तेव्हा काम करणाऱ्या बाईची पावलं आणि हालचाल यांना धरून आखणी केली होती. तुम्हीही काही महिने काम करून बघा, कुठे वाकावं लागतं, कुठे फेरे पडतात ते टिपून ठेवा. ओट्याची उंची कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावी असा साधारण हिशोब आहे; जास्त उंच किंवा ठेंगणा असेल तर पाठ आणि खांदे तक्रार करतीलच, आणि तेव्हा बदल कुठे हवा ते तुम्हाला नेमकं सांगता येईल.

दुरुस्ती झाली की कारागिराला थांबवून घ्या आणि त्याच्यासमोरच पहिल्या चाचण्या पुन्हा करा. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा, नळाच्या बुडाशी पाणी ओता, ट्रॉल्या भांड्यांनी भरून ओढा, ओव्हन चालवून प्लगला हात लावा. खाली नवं वर्तमानपत्र पसरून ठेवा, आणि थोडी रक्कम दुसऱ्या दिवशी सकाळी कागद कोरडा दिसल्यावर द्यायची, असं काम सुरू होण्याआधीच ठरवून घ्या.